लहान मुलाच्या पोटातील गाठीला सुई लावावी का? (बायोप्सीविषयी माहिती आणि अनुभव हवे आहेत)

कृष्णाकाठ (धागाकर्ते)

नमस्कार. माझा भाचा साडेतीन वर्षांचा आहे. गेल्या रविवारी त्याला आंघोळ घालताना माझ्या आईच्या हाताला त्याच्या पोटात डाव्या बाजूला टणक गोळा लागला. पोट साफ नसेल असे समजून आम्ही एक दिवस थांबलो, पण गोळा तसाच राहिला म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफी केली. अहवालात 'डाव्या मूत्रपिंडाची गाठ, सुमारे ९ सेंटिमीटर' असे लिहिले आहे. तेथील डॉक्टरांनी कर्करोगाची शक्यता सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी सुई घालून तुकडा काढू, असे सुचवले.

घरात यावर एकमत होत नाही. गाठीला सुई लागली की ती पेटते, असे माझी आई ठामपणे म्हणते. दाजींना एक दिवसही दवडायचा नाही. बहीण काहीच बोलत नाही, ती फक्त त्याच्याजवळ बसून असते. मी डॉक्टरांकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली आहे. सुईने रोग पसरतो का, सुई खरोखर आवश्यक आहे का, आणि ती येथेच करावी की मोठ्या केंद्रात, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी आपल्या मुलांच्या बाबतीत हे अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

हिरवाचाफा

दादा, तुमच्या बहिणीजवळ कोणीतरी सतत असू द्या, आणि तोपर्यंत बाळाच्या पोटातील गोळा घरातल्या कोणालाही चाचपून पाहू देऊ नका.

वाटेवरचा_सर्जन

मी लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. रुग्ण न तपासता उपचार सांगणे योग्य नव्हे, म्हणून मी केवळ निर्णय कसा घेतला जातो एवढेच लिहितो.

हिरवाचाफा यांनी लिहिलेली गोष्ट महत्त्वाची आहे. मूत्रपिंडाची गाठ नाजूक असू शकते आणि वारंवार दाबल्याने ती फुटण्याचा धोका असतो, म्हणून रुग्णालयातही पाहणाऱ्यांची संख्या आम्ही मर्यादित ठेवतो.

आता सुईविषयी. 'सुईची तपासणी' या एकाच नावाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी समजतात. एफएनएसीमध्ये इंजेक्शनच्या सुईसारख्या बारीक सुईने काही पेशी ओढून काचपट्टीवर पसरतात. कोअर किंवा ट्रूकट बायोप्सीमध्ये जाड सुईने शेवईच्या तुकड्याएवढा, एक ते दीड सेंटिमीटर लांबीचा ऊतीचा तुकडा मिळतो. पहिलीत सुट्या पेशी दिसतात, दुसरीत पेशींची मांडणीही दिसते. मुलांच्या घन गाठींमध्ये उपचाराची आखणी करण्यासाठी बहुतेक वेळा दुसरीच लागते.

मात्र मूत्रपिंडाच्या गाठीला ही सुई लावावी की नाही, यावर जगात दोन विचारधारा आहेत. या वयात मूत्रपिंडात सर्वाधिक आढळणारी घातक गाठ म्हणजे विल्म्स ट्यूमर. अमेरिकेतील चिल्ड्रेन्स ऑन्कॉलॉजी ग्रुप या मुलांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या गटाच्या पद्धतीत शक्य असेल तेथे आधी शस्त्रक्रिया करून संपूर्ण मूत्रपिंड गाठीसह काढतात. त्यापूर्वी सुई लावली तर त्या मुलाचा आजार तिसऱ्या अवस्थेतील धरला जातो, आणि त्यामुळे पोटाला किरणोपचार व डॉक्सोरुबिसिन हे जादा औषध द्यावे लागते. युरोपातील सिऑप या गटाच्या पद्धतीत वय आणि चित्रण (सोनोग्राफी, स्कॅन) विल्म्सशी जुळत असेल तर बायोप्सी न करताच आधी चार आठवडे केमोथेरपी देतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. पाठीच्या बाजूने, नीट मार्गाने केलेल्या सुईमुळे तेथे अवस्था वाढली असे धरत नाहीत, पण पोट उघडून गाठीचा तुकडा काढला तर धरतात.

म्हणजे तीच सुई, तेच मूल, परंतु उपचार कोणत्या पद्धतीने होणार आहेत यावर त्या सुईची किंमत ठरते. म्हणूनच ज्या केंद्रात पुढचे उपचार होणार आहेत, त्याच केंद्राने सुईचा निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सुई मारण्याचे कौशल्य अनेकांकडे असते. ती केव्हा मारू नये हे मात्र उपचार करणाऱ्या चमूलाच नीट कळते.

माळरान

सर्जनसाहेबांविषयी आदर राखून मला वेगळे लिहावेसे वाटते. माझ्या काकांच्या पोटात गाठ होती. सुईची तपासणी झाली आणि दोन महिन्यांत आजार सगळीकडे पसरला. आमच्या घरात आजही सगळ्यांना वाटते की सुई लावली नसती तर ते आणखी काही वर्षे जगले असते. कृष्णाकाठ यांच्या आईंची भीती अडाणीपणाची आहे असे कोणी समजू नये.

वाटेवरचा_सर्जन

माळरान, ती भीती मी अडाणीपणाची मुळीच मानत नाही. सुईच्या मार्गात पेशी सांडणे ही घटना वैद्यकशास्त्राला माहीत आहे, आणि प्रौढांच्या यकृताच्या कर्करोगात ती काही थोड्या रुग्णांमध्ये नोंदली गेली आहे. मुलांमध्ये, ज्या गाठींना आम्ही विचारपूर्वक सुई लावतो त्यांत ती फार क्वचित दिसते, आणि त्यानंतर लगेच केमोथेरपी सुरू होत असल्याने उरलेल्या पेशींवर औषधाचा मारा होतोच. त्याशिवाय आता अनेक ठिकाणी दुहेरी सुई वापरतात. बाहेरची नळी एकदाच आत जाते आणि तिच्यातून आतली सुई तीन-चार वेळा फिरवून तुकडे घेतात, त्यामुळे त्वचेपासून गाठीपर्यंतचा मार्ग पुन्हा पुन्हा ओलांडावा लागत नाही.

आपल्या काकांच्या बाबतीत एक शक्यता मांडतो. पोटातील गाठ लक्षात येऊन सुईपर्यंत पोहोचते तेव्हा आजार अनेकदा आधीच दूरवर गेलेला असतो, आणि तो उघड दिसू लागण्याचा काळ नेमका सुईनंतरचा असतो. घरच्यांच्या आठवणीत मग सुई हीच सुरुवात ठरते. आपले दुःख यामुळे कमी होत नाही, हे मी जाणतो.

दवबिंदू

सुई कधी लावू नये याचे उदाहरण आमच्याच घरात आहे, म्हणून लिहिते. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची असताना वाढदिवसाच्या छायाचित्रात तिच्या एका डोळ्याची बाहुली लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकत होती. नेत्रतज्ज्ञांनी भूल देऊन डोळा तपासला, सोनोग्राफी आणि एमआरआय केले आणि रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग) हे निदान सांगितले. मी विचारले की तुकडा तपासल्याशिवाय तुम्ही खात्रीने कसे सांगता? त्यांनी शांतपणे समजावले की डोळा ही बंद पेटी आहे, तिला सुईने भोक पाडले तर आतील पेशी बाहेर पडून डोळ्यापुरता असलेला आजार शरीरात जाऊ शकतो, म्हणून या आजारात डोळ्यातील दृश्य आणि गाठीतील कॅल्शियमचे ठिपके यांवरच निदान करतात. तिचा तो डोळा काढावा लागला, आणि काढलेल्या डोळ्याच्या तपासणीत निदानाला पुष्टी मिळाली. ती आता सहावीत आहे.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सुईच्या दुसऱ्या टोकाला काय घडते हे येथे कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलांच्या कित्येक गाठी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसतात: लहान, गोल, निळ्या रंगाच्या पेशींची दाटी. न्यूरोब्लास्टोमा (अपक्व चेतापेशींची गाठ), इविंग सार्कोमा (बहुधा हाडातील), रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूशी नाते असलेली), लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) आणि कधी विल्म्ससुद्धा या एकाच रूपात समोर येतात, परंतु त्यांची औषधे, शस्त्रक्रिया आणि भवितव्य पूर्णपणे वेगळे असते. त्यांच्यात फरक करण्यासाठी आम्ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतो, म्हणजे पेशींवरील विशिष्ट प्रथिनांना रंग देऊन पाहतो. स्नायूशी नाते असलेल्या गाठीत मायोजेनिन रंगते, इविंगमध्ये सीडी ९९ दाट रंगते, आणि तरीही शंका उरली तर जनुकांची तपासणी करतो. या प्रत्येक रंगासाठी तुकड्याचा एक पातळ काप खर्ची पडतो. एकच बारीक तुकडा आला तर निम्म्यावरच सामग्री संपते आणि 'पुन्हा बायोप्सी करावी' असे मला लिहावे लागते. हे वाक्य लिहिताना त्या मुलाला दुसऱ्यांदा भूल द्यावी लागणार हे मला ठाऊक असते.

तुकडा कशात घालून पाठवला यावरही बरेच अवलंबून असते. नेहमीच्या तपासणीसाठी फॉर्मॅलिन, म्हणजे ऊती टिकवणारे द्रावण, हवेच. पण क्षयरोगाचे जंतू वाढवून पाहायचे असतील तर तो भाग फॉर्मॅलिनमध्ये घालून चालत नाही, कारण त्यात जंतू मरतात. तो निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा लागतो. लिम्फोमा किंवा ल्युकेमियाची (रक्ताच्या कर्करोगाची) शंका असेल तर फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे यंत्रातून एकेक पेशी तपासण्यासाठी, जिवंत पेशी लागतात. हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले तर जनुकांची तपासणी बिघडते. ही सगळी विभागणी सुई मारण्यापूर्वी ठरलेली असावी लागते. सर्जनसाहेबांच्या मताला मी हे माझ्या बाजूने जोडते.

एका मुद्द्यावर मात्र माझे त्यांच्याशी एकमत नाही. एफएनएसीला इतके दुय्यम लेखू नये. छातीत मोठी गाठ असलेले, धाप लागलेले मूल आडवे झोपवले तरी श्वासनळी दाबली जाऊ शकते, आणि अशा मुलाला भूल देणे जिवावर बेतू शकते. त्या वेळी मानेच्या गाठीतून बारीक सुईने घेतलेल्या पेशी किंवा छातीत साठलेले पाणी तपासून आम्ही काही तासांत दिशा देऊ शकतो. साधन कमी प्रतीचे नसते, ते कोणत्या प्रश्नासाठी वापरले हे पाहावे.

वाटेवरचा_सर्जन

छातीतील गाठीविषयी आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. तो अपवाद मी लिहायला हवा होता.

सावळीविहीर

मानेच्या गाठींचा उल्लेख आला म्हणून माझ्या मुलीचा अनुभव सांगतो. ती अकरा वर्षांची असताना तिच्या मानेत, गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठी आल्या. एफएनएसीच्या अहवालात कर्करोगाच्या पेशी नाहीत असे होते, क्षयरोगाचे जंतूही नव्हते. 'आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे टीबीच' असे म्हणून औषधे सुरू झाली. गोळ्यांनी लघवी लाल होई, गाठी मात्र तेवढ्याच राहिल्या. चौथ्या महिन्यात तिला रात्री घाम येऊन गादी भिजू लागली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी एक संपूर्ण गाठ काढून तपासली. हॉजकिन लिम्फोमा निघाला. मला कोणा एका डॉक्टरांना दोष द्यायचा नाही, पण ते चार महिने मी विसरू शकत नाही. काचपट्टी, असे का होते?

काचपट्टी

सावळीविहीर, हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कर्करोगाच्या पेशी फारच थोड्या असतात आणि त्यांच्याभोवती साध्या, निरुपद्रवी पेशींची मोठी गर्दी असते. बारीक सुई त्या गर्दीतच फिरली तर अहवाल निर्दोष येतो. म्हणून लिम्फोमाची शंका असेल तेथे शक्य असल्यास पूर्ण गाठ काढून देणे उत्तम. 'कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत' याचा अर्थ 'कर्करोग नाही' असा होत नाही, हे आम्ही अहवालात लिहितो, परंतु ते वाक्य रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

क्षयरोगाचा संशय घेणे आपल्या देशात चूक नाही. त्याच सुईतील द्रव सीबीनॅट या क्षयरोगाच्या जंतूंचे जनुक शोधणाऱ्या तपासणीला पाठवता येतो. परंतु जंतू मिळाले नाहीत, पेशींचे चित्र जुळले नाही आणि औषधांनी गाठ कमी झाली नाही, तर पुन्हा तपासायला हवे. विशेषतः गळपट्टीच्या हाडाच्या वरची गाठ मुलांमध्ये कधीही सोडून देऊ नये. आणि निदानाआधी स्टेरॉइड देऊ नये, कारण लिम्फोमा आणि ल्युकेमिया त्याने काही काळ विरघळल्यासारखे होतात आणि नंतर सुईत काहीच सापडत नाही.

टेम्सतीर

मी इंग्लंडमध्ये मुलांच्या कर्करोग विभागात परिचारिका आहे, माहेर साताऱ्याचे. येथे सिऑपची पद्धत पाळत असतानाही अनेक वर्षे मूत्रपिंडाच्या गाठींना केमोथेरपीपूर्वी सुईची बायोप्सी करण्याची रीत होती, कारण चित्रणावरून विल्म्स वाटलेली गाठ कधी कधी वेगळीच निघते. म्हणजे एकाच युरोपीय पद्धतीतही मतभेद आहेत.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगते, कारण आईवडिलांना त्याचीच जास्त धास्ती असते. आधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी होते. घन अन्न ६ तास, आईचे दूध ४ तास आणि साधे पाणी येथे आता १ तास आधी (पूर्वी २ तास) थांबवतात. भूल दिल्यावर सोनोग्राफीवर पाहत सुई घालतात, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत काम होते. नंतर काही तास मुलाला झोपवून ठेवतात आणि नाडी, रक्तदाब व पोटाचा फुगारा पाहत राहतात, कारण या तपासणीचा खरा धोका रक्तस्रावाचा असतो. कोणत्याही रुग्णालयात जा, 'नंतर रक्तस्राव झाला तर रात्री येथे कोण असेल?' हा प्रश्न जरूर विचारा.

उंबरठा

हाडांच्या गाठींविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्या पुतण्याच्या गुडघ्यावर चौदाव्या वर्षी ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग झाला. सुईऐवजी गावाजवळच्या एका रुग्णालयात चिरा देऊन तुकडा काढला, आणि तो चिरा आडवा दिला. पुढे मोठ्या केंद्रातील डॉक्टरांनी सांगितले की बायोप्सीचा सगळा मार्ग गाठीबरोबर कापून काढावा लागतो. चिरा उभा आणि योग्य जागी असता तर तो त्यांच्या शस्त्रक्रियेच्या रेषेतच आला असता. पाय वाचला, पण पुष्कळ जादा त्वचा आणि स्नायू काढावे लागले.

तेव्हा मी याविषयी वाचले. अमेरिकेत हेन्री मॅन्किन यांनी १९८२ साली ३२९ रुग्णांचा आणि १९९६ साली ५९७ रुग्णांचा अभ्यास मांडला. बायोप्सी उपचार-केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात झाली असेल तर चुका आणि गुंतागुंती दोन ते बारा पटींनी अधिक होत्या, असे दुसऱ्या अभ्यासात दिसले. काही रुग्णांचे अवयव केवळ चुकीच्या बायोप्सीमुळे कापावे लागले होते.

माळरान

उंबरठा यांचा प्रतिसाद वाचून माझ्या मनातील प्रश्न थोडा बदलला आहे. आमच्या घरात 'सुई लावली' हीच तक्रार होती, ती कोणी आणि कोणत्या विचाराने लावली हे आम्ही कधी विचारलेच नाही.

दवबिंदू

कृष्णाकाठ, खर्चाचा विचारही आताच करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, परंतु निदान निश्चित होईपर्यंतच्या तपासण्यांसाठी आम्हांला स्वतःचे पैसे घालावे लागले. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा. परळला टाटा मेमोरियलमध्ये उपचार ठरले तर मुंबईत राहण्याची सोय हा मोठा प्रश्न असतो. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून उपचार घेणाऱ्या मुलांना पालकांसह विनामूल्य राहायला जागा देते. आणि कोठेही तपासणी झाली तरी काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक (ज्यांत तुकडा जतन केलेला असतो) मागून घ्या, केवळ कागदी अहवालावर समाधान मानू नका.

काचपट्टी

ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळते.

कृष्णाकाठ (धागाकर्ते)

आज सोळा दिवसांनी लिहीत आहे. आपणा सर्वांचे प्रतिसाद मी दाजींना मोठ्याने वाचून दाखवले आणि सर्जनसाहेबांचा दुसरा प्रतिसाद आईला दोनदा वाचून दाखवला. तालुक्यातील डॉक्टरांना भेटून आम्ही मुंबईला जायची इच्छा सांगितली. त्यांनी रागावण्याऐवजी स्वतः चिठ्ठी लिहून दिली, हे नमूद करतो.

मुंबईत सीटी स्कॅन झाल्यावर कळले की गाठ मूत्रपिंडाची नाहीच. ती मूत्रपिंडाच्या वरच्या अधिवृक्क ग्रंथीतून निघाली आहे आणि तिने मूत्रपिंड खाली ढकलले आहे. गाठीत कॅल्शियमचे ठिपके होते. लघवीतील व्हीएमए, म्हणजे न्यूरोब्लास्टोमात वाढणारा एक पदार्थ, वाढलेला आढळला. सर्व विभागांच्या डॉक्टरांनी एकत्र बसून सुईची बायोप्सी करायचे ठरवले, कारण न्यूरोब्लास्टोमामध्ये केवळ नाव कळून भागत नाही, तर एमवायसीएन या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का यावर औषधांची तीव्रता ठरते, असे त्यांनी सांगितले. एकाच भुलीत सोनोग्राफीवर पाहून गाठीचे चार तुकडे घेतले आणि कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांतून मॅरोही (अस्थिमज्जा) घेतला. टेम्सतीर यांनी सुचवलेला प्रश्न मी विचारला. रात्रभर निवासी डॉक्टर दर तासाला येऊन पाहत होते. रक्तस्राव झाला नाही.

अहवाल न्यूरोब्लास्टोमाचा आहे. मॅरोमध्ये आजार नाही. जनुकाचा अहवाल पुढच्या आठवड्यात येईल आणि त्यानंतर केमोथेरपीची तीव्रता ठरेल. आई अजूनही सुईच्या जागी रोज हात फिरवून पाहते, पण काल तिने स्वतःहून विचारले की तो जनुकाचा कागद कधी येणार.

आता एकच विचारायचे आहे. पुढे मॅरो पुन्हा तपासावा लागेल असे सांगितले आहे. त्याला सुई हा शब्द आता कळतो आणि पांढरा कोट दिसला की तो बहिणीच्या साडीत तोंड लपवतो. त्याला काय सांगावे?

हिरवाचाफा

दादा, माझ्या मुलाला ल्युकेमिया होता आणि अडीच वर्षांत त्याच्या पाठीत व हाडात किती वेळा सुई गेली याचा हिशेब मी ठेवला नाही. पहिल्या वेळी आम्ही त्याला फिरायला नेतो असे सांगून नेले होते. त्यानंतर कित्येक दिवस तो चप्पल घालायलाच तयार होईना. पुढे आम्ही खरे सांगू लागलो: आज सुई आहे, तू झोपलेला असशील, उठशील तेव्हा आई इथेच असेल, कमरेला थोडे दुखेल. 'दुखणार नाही' असे मात्र कधी म्हणू नका. त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावतात, ते आठवणीने मागून घ्या. आणि चिकटपट्टी ओढून काढू नका; माझा मुलगा सुईपेक्षा तिलाच जास्त घाबरे. कोमट पाण्याने भिजवा आणि एक कोपरा त्यालाच धरू द्या.